पर्यटनस्थळी पायी चालणाऱ्याला गाडी लागली, तर कायद्याने चूक कोणाची?

वाटसरू (धागाकर्ता)

गर्दीच्या ठिकाणी पादचाऱ्याला वाहन लागलं की दोनच मतं ऐकू येतात. एक : 'मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरतात.' दुसरं : 'झेब्रा सोडून ओलांडत होता ना, मग त्याला छदाम मिळणार नाही.' मला दोन्ही अर्धवट वाटतात. हवेत गप्पा नकोत म्हणून एक काल्पनिक प्रसंग ठेवतो.

किल्ल्याच्या पायथ्याचा दुपदरी रस्ता, सुट्टीचा दिवस. फूटपाथवर टोप्या-खेळण्यांचे स्टॉल, म्हणून लोक रस्त्यावरूनच चालताहेत. 'नो पार्किंग'च्या पाटीखाली डाव्या कडेला एक टूरिस्ट बस उभी. एक बाई आठ वर्षांच्या मुलाचा हात धरून बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघतात. मागून भाड्याने घेतलेली स्कूटर ताशी ३५ किमीने बसला वळसा घालून येते आणि दोघांना धडकते. बाईंचा पाय मोडतो, मुलाच्या डोक्याला मार लागतो. झेब्रा क्रॉसिंग ६० मीटर पुढे आहे.

चूक कोणाची, किती, आणि हे ठरवतं कोण? फक्त भारतीय कायद्यापुरतं बोलू.

तिरकस

चूक बाईंच्या नवऱ्याची. पलीकडे मोबाईल धरून 'या, या, सरळ या' म्हणत शूटिंग करत उभा होता.

दावेदार

तिरकस, हसू नका, तुमचा नवरा पुढे कामाला येणार आहे.

वाटसरू, आधी एक गुंता सोडवू. या एका धडकेतून निदान दोन वेगळ्या वाटा निघतात आणि दोन्हीकडे 'चूक' वेगळ्या मापाने मोजतात.

पहिली फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५ (इतरांची सुरक्षितता धोक्यात आणून दुखापत). मृत्यू झाला तर कलम १०६. इथे पोलीस तपास करतात आणि सरकारी पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. 'बाईही चुकल्या' म्हणून स्कूटरवाल्याचा गुन्हा २० टक्क्यांनी कमी होत नाही. गुन्हा आहे किंवा नाही, इतकंच.

दुसरी भरपाईची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. इथे 'कशाची शक्यता जास्त' एवढंच पाहतात आणि टक्केवारी फक्त इथेच येते. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा : चालकाने गुन्हा कबूल करून दंड भरला आणि 'सुटलो बुवा' म्हणून घरी गेला, तर ती कबुली दाव्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून येते. वकिलाला न विचारता पुष्कळ जण हे करून बसतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : टक्के ठरवतं न्यायाधिकरण. पोलीस नाही, विमा सर्वेक्षक नाही आणि जमलेली गर्दी तर नाहीच.

शंकासुर

म्हणजे झेब्राला काहीच किंमत नाही? ६० मीटर चालायचा कंटाळा करायचा आणि भरपाई दुसऱ्याने भरायची?

नियमावली

किंमत आहे, पण तुम्ही समजता तशी नाही. मोटार वाहने (वाहन चालन) विनियम २०१७ प्रमाणे सिग्नल नसलेल्या झेब्राशी चालकाने वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आहे. झेब्रावर धडक बसली तर चालकाकडे बोलायला फारसं उरत नाही. झेब्राबाहेर बसली तर पादचाऱ्याचा हा हुकमी पत्ता जातो, एवढंच. चालकाची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही.

'क्रॉसिंगपासून अमुक मीटरच्या आत दुसरीकडून ओलांडलं तर गुन्हा' असा नियम सिंगापूरमध्ये आहे, तिथे तो आकडा ५० मीटर आहे. आपल्या केंद्रीय कायद्यात असं अंतर दिलेलं नाही. त्यामुळे '६० मीटर' हा आकडा एकटा काही ठरवत नाही. तो विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत वापरेल, आणि समोरून 'त्या ६० मीटरभर फूटपाथ चालण्याजोगा होता का?' असा प्रश्न येईल. स्टॉलमुळे नव्हता. मग पादचारी रस्त्यावर का होता, याला उत्तर आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा पादचाऱ्याच्या राज्यघटनेतल्या कलम २१ खालच्या (जगण्याच्या) हक्काचा भाग मानला आणि अतिक्रमणं काढायला सांगितलं. अशा वातावरणात 'रस्त्यावरून चालत होत्या' हा बचाव आणखी पातळ होतो.

मीटरपट्टी

मी कायद्याचा नाही, मोजमापाचा माणूस आहे. माझ्या मते सगळा वाद एका प्रश्नात मावतो : बाई स्कूटरवाल्याला कधी दिसू शकल्या, आणि त्या क्षणी तो किती लांब होता?

धरून चालू की स्कूटर बसच्या कडेपासून दीड मीटर सोडून येतेय. माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो. म्हणजे बसच्या कोपऱ्यातून बाहेर आल्यापासून स्कूटरच्या रेषेत पोचायला १.२५ सेकंद.

ताशी ३५ किमी म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर. १.२५ सेकंदात स्कूटर १२ मीटर जाते. बेसावध चालकाचा प्रतिक्रियाकाळ दीड सेकंद धरतात. म्हणजे ब्रेकवर बोट पडण्याआधीच धडक, रस्त्यावर ब्रेकची खूण शून्य.

आता तोच चालक सावध आहे, बोटं ब्रेकवर आहेत, प्रतिक्रियाकाळ ०.८ सेकंद. कोरड्या डांबरावर घर्षण (टायरच्या पकडीचा आकडा) ०.७ धरलं तर ३५ च्या वेगात थांबायला पावणेपंधरा मीटर लागतात. हातात बारा. धडक बसतेच, पण साधारण ताशी २१-२२ ने. वेग १५ असता तर सावध चालक साडेचार-पावणेपाच मीटरमध्ये थांबला असता आणि हातात पाच मीटर होते. धडकच नाही.

'अचानक समोर आल्या, काही करताच आलं नाही' हे स्कूटरवाल्याचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. शेवटच्या सव्वा सेकंदात काही करता येत नव्हतं. त्याच्या आधीच्या पाच सेकंदांत येत होतं. उभी बस, दोन्ही बाजूंना माणसं, पलीकडचं दिसत नाही, तिथे ३५ हा वेगच चूक आहे. वेगमर्यादेची पाटी ५० असली तरी.

चाकोरी

मीटरपट्टी, ०.७ फार उदार आहे. भाड्याची स्कूटर, घासलेले टायर, रस्त्यावर बारीक वाळू, पाठीमागे दुसरा बसलेला आणि चालवणारा त्या गाडीला नवा. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचं नव्हतं, सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी सोय) चालायचं. नवखा माणूस घाबरून एकच ब्रेक दाबतो. ०.५ धरा. आणि घाटउतार असेल तर त्यातून उताराची टक्केवारी वजा : ८ टक्के उतारावर ०.५ चे ०.४२ उरतात.

मीटरपट्टी

बरोबर. पण घर्षण कमी धरलं की चालकाचा बचाव वाढत नाही, त्याने आणखी हळू यायला हवं होतं हे सिद्ध होतं.

शंकासुर

अहो, मग पादचाऱ्याची चूक कधीच निघणार नाही. गर्दी असली की चालक दोषी, बस दिसली की चालक दोषी.

दावेदार

निघते की. रिकाम्या रुंद रस्त्यावर सिग्नल लाल असताना पळत सुटलेला माणूस, रात्री दुभाजकावरून उडी मारून उतरलेला, सेल्फी घेताना पाठमोरा रस्त्यात सरकलेला, दारू पिऊन मधोमध उभा. अशांत सहभागी निष्काळजीपणा धरला जातो. आपल्याकडे त्याचा ठरलेला तक्ता नाही. जपानमध्ये प्रसंगवार टक्केवारीचे छापील तक्ते वापरतात. तिथे पादचारी लाल दिव्यात आणि गाडी हिरव्यात असेल तर हिशेब पादचाऱ्याच्या माथी ७० टक्क्यांपासून सुरू होतो. इथे कुठे दहा-वीस धरतात, कुठे निम्मे.

मात्र सहभागी निष्काळजीपणा विमा कंपनीला सिद्ध करावा लागतो. लेखी उत्तरात तसं म्हणावं लागतं आणि पुरावा द्यावा लागतो. प्रत्यक्षात चालक साक्षीच्या पिंजऱ्यातच येत नाही. तो आला नाही की त्याच्याविरुद्ध अनुमान निघतं आणि बचाव कागदावरच राहतो.

आणि मीटरपट्टी, गणित सुरेख आहे, पण न्यायाधिकरणात ते कोणी असं मांडत नाही. तिथे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, आरोपपत्र आणि एखादा प्रत्यक्षदर्शी, एवढ्यावर काम चालतं. पंचनाम्यात मापं नसतील तर तुमचं १.२५ सेकंद आणायचं कुठून?

कोरा कागद

दावेदारांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. पर्यटनस्थळांचे पंचनामे वाचले की तीच वाक्यं : 'सदर रस्ता पूर्व-पश्चिम असून वर्दळीचा आहे. अंदाजे मध्यभागी अपघात झाला आहे.' 'अंदाजे मध्यभागी'वर पुढची सहा वर्षं भांडायची.

काय असायला हवं ते सांगतो. दोन न हलणाऱ्या वस्तू ठरवायच्या, विजेचा क्रमांकित खांब आणि एखाद्या पक्क्या भिंतीचा कोपरा. प्रत्येक खुणेचं अंतर दोन्हींपासून टेपने. खुणा कोणत्या? फुटलेल्या दिव्याच्या काचा जिथे जास्तीत जास्त दाट आहेत ती जागा (सर्वांत लांबची काच नव्हे, ती उडालेली असते). रक्ताचा डाग. निसटलेली चप्पल. स्कूटर आडवी घसरली असेल तर स्टँडचा किंवा पायठेव्याचा डांबरावरचा ओरखडा, सुरुवात आणि शेवट दोन्ही. ब्रेकची खूण असेल तर लांबी, नसेल तर 'नाही' असं स्पष्ट लिहिलेलं. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट : उभी बस. तिचं पुढचं टोक, रस्त्याच्या कडेपासून किती आत, नंबर.

बस अर्ध्या तासात निघून जाते. पंचनामा संध्याकाळी होतो. मग कागदावर बस नसतेच, आणि बस नसेल तर 'दिसत नव्हतं' हा सगळा मुद्दाच नाहीसा होतो. म्हणून जवळ असलेल्या कोणीही पहिल्या पाच मिनिटांत चार फोटो काढावेत : बस नंबरसह, बस आणि धडकेची जागा एका चौकटीत, चालक येत होता त्या बाजूने त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, आणि नो पार्किंगची पाटी.

तिरकस

म्हणजे नवऱ्याचं शूटिंग...

फ्रेमवाला

हो, तेच सोन्याचं नाणं आहे. फक्त ते व्हॉट्सअॅपवरून पाठवून मूळ फाईल उडवू नका. पाठवताना फाईल दाबली जाते, फ्रेम आणि वेळेची नोंद बदलते. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या.

दुकानांच्या सीसीटीव्हीबद्दल. साठवण भरली की जुनं पुसलं जातं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. दुकानदार सहसा फुटेज देत नाही, म्हणून तपास अधिकाऱ्याला कॅमेऱ्यांची यादी लेखी द्या : कुठल्या दुकानाच्या दारावर, तोंड कुठे, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत. पोच घ्या. डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बहुधा चुकलेलं असतं. त्याच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत घेतली की फरक नोंदला जातो.

वेग असा काढतात : चित्रात दिसणाऱ्या दोन पक्क्या खुणा घ्यायच्या, प्रत्यक्ष जागेवर त्यांच्यातलं अंतर मोजायचं. समजा ६ मीटर. स्कूटरचं पुढचं चाक पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत ११ फ्रेममध्ये गेलं आणि कॅमेरा सेकंदाला १५ फ्रेम घेतो. ११ भागिले १५ म्हणजे ०.७३ सेकंद, वेग ताशी साडेएकोणतीस किमी. फसगत कुठे होते? काही डीव्हीआर हालचाल पाहून फ्रेमचं प्रमाण बदलतात, तेव्हा '१५' हा आकडा सेटिंगमधून न घेता फाईलमधूनच तपासावा लागतो. एका फ्रेमची चूक झाली तर वरच्या उदाहरणात वेग अडीच-तीन किमीने हलतो, म्हणून उत्तर नेहमी 'इतके ते इतके' असं द्यावं.

न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५-ब). नव्या नमुन्यात भाग अ आणि भाग ब, दोन्ही भरायचे आणि फाईलचं हॅश मूल्य (फाईल बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहायचं. भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, तिथेच पुष्कळ प्रमाणपत्रं अडकतात.

चाकोरी

फ्रेमवाल्यांना पुरवणी. धडकणारं वाहन टूरिस्ट टॅक्सी किंवा बस असेल तर एआयएस-१४० प्रकारचं ठिकाणदर्शक यंत्र पाहा. जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या सार्वजनिक सेवा वाहनांना ते बंधनकारक आहे (दुचाकी, तीनचाकी सोडून). त्यात वेळ, जागा, वेग नोंदला जातो. तो तपशील मागवा असा लेखी अर्ज लगेच द्या.

अस्थिरोग

वैद्यकीय कागदही बोलतात. गाडीने ब्रेक दाबलेला असेल तर तिचं नाक खाली झुकतं आणि पायाच्या हाडाचा फ्रॅक्चर नेहमीच्या बंपरच्या उंचीपेक्षा खाली येतो. न दाबता धडक असेल तर वर. चारचाकीच्या बाबतीत 'मी ब्रेक मारला होता' हे त्यावरून थोडंफार तपासता येतं. त्यासाठी अपघात विभागातल्या डॉक्टरांनी टाचेपासून जखमेची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायला हवी. 'उजव्या पायाला फ्रॅक्चर' एवढ्याने भागत नाही. मार कुठल्या बाजूने लागला, डावीकडून की मागून, हेही लिहून घ्या. बाई ओलांडत होत्या की कडेने चालत होत्या याचा तो स्वतंत्र पुरावा आहे.

वाटसरू

जबरदस्त माहिती. पण बस अजून मोकळीच फिरतेय. ती तर कोणाला धडकलीच नाही. तिचा दोष कायद्यात बसतो का?

दावेदार

बसतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रसंगातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. 'मोटार वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात, असे कायद्याचे शब्द आहेत. उभं वाहनही 'वापरात' असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच मान्य केलं. नो पार्किंगमध्ये उभी राहून दृष्टी अडवणारी बस अपघाताचं एक कारण आहे, हे फोटोंनी दाखवता आलं तर तिचा चालक, मालक आणि विमा कंपनी तिघेही प्रतिवादी.

दोन शब्द इथे वेगळे ठेवा. सहभागी निष्काळजीपणा म्हणजे जखमीची स्वतःची चूक. ती रकमेतून वजा होते. संयुक्त निष्काळजीपणा म्हणजे जखमी सोडून इतर दोघा-तिघांची मिळून चूक. तिथे जखमीला पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते, आपसातला हिशेब ते बघून घेतील. २०१५ च्या खेन्येई निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे.

आकड्यात : नुकसान १२ लाख ठरलं, बाईंचा दोष २० टक्के धरला, तर ९ लाख ६० हजार. ते स्कूटरच्या विमा कंपनीकडून मागायचे की बसच्या, हा त्यांचा निर्णय. स्कूटरचा विमा नसेल तेव्हा बस प्रतिवादी असणं-नसणं म्हणजे पैसे मिळणं-न मिळणं.

मुलाचा दावा वेगळा लावा. आठ वर्षांच्या मुलावर सहभागी निष्काळजीपणा सहसा लादत नाहीत आणि आईची चूक मुलाच्या रकमेतून वजा होत नाही. एकाच अर्जात दोघांना कोंबलं की हा फायदा धूसर होतो.

नियमावली

पालिकेलाही सोडू नका, पण ती वाट निराळी. न्यायाधिकरणासमोर मुख्यतः चालक-मालक-विमा कंपनी. फूटपाथ अडवू दिल्याबद्दल पालिकेविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये रस्त्याची रचना आणि देखभाल चुकवणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो दंड. जखमीच्या खिशात येत नाही.

अनवाणी

अवांतर : आता अशा ठिकाणी ई-सायकली, घोडे, बग्ग्या यांचीच गर्दी जास्त. त्यांनी उडवलं तर?

नियमावली

फार अवांतर नाही. मोटरची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असलेली, नियमातल्या बाकी अटी पाळणारी बॅटरीची दुचाकी कायद्याने 'मोटार वाहन' धरत नाहीत. नोंदणी नाही, सक्तीचा विमा नाही, न्यायाधिकरणही नाही. साधा दिवाणी दावा, आणि मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली दोन वर्षांच्या आत. ई-रिक्षा मात्र मोटार वाहनच आहे.

घोडा आणि बग्गी, तेच. माथेरानसारख्या वाहनबंदीच्या ठिकाणी घोड्याने तुडवलं तर जनावराबाबतच्या हलगर्जीपणाचं कलम, न्याय संहितेचं २९१, आणि भरपाईला दिवाणी न्यायालय.

तिरकस

घोड्याचा एआयएस-१४० कुठे बसवतात?

परदेशी पाहुणा

वाटसरूंनी भारतापुरतं म्हटलंय, पण तिकडे फिरायला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. फ्रान्समध्ये १९८५ च्या कायद्याने पादचाऱ्याची साधी चूक भरपाईच्या आड येतच नाही. अक्षम्य आणि एकमेव कारण ठरणारी चूक असेल तरच. नेदरलँड्समध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई. याच्या अगदी उलट अमेरिकेतली मेरीलँड, व्हर्जिनियासारखी मोजकी राज्यं : तुमची एक टक्का चूक निघाली तरी हाती शून्य. तेव्हा 'परदेशात पादचारी राजा असतो' हे राज्य बघून बोलावं.

शंकासुर

बरं, मान्य करतो. पण स्कूटर भाड्याची. पांढरी पाटी असेल तर विमा कंपनी हात वर करणार ना?

दावेदार

प्रयत्न नक्की करेल. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या परवान्यातली दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. खाजगी पांढऱ्या पाटीची स्कूटर भाड्याने दिली असेल तर विमा कंपनी कलम १५० चा बचाव घेते : खाजगी पॉलिसी, वापर भाड्याचा, अटींचा भंग. अशा वेळी पुष्कळदा 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश होतो. परवाना नसलेल्या चालकाच्या बाबतीतही तसंच. पण तो हक्क म्हणून गृहीत धरू नका; भाडेपावती, चालकाच्या परवान्याचा फोटो, पॉलिसीचा क्रमांक पहिल्याच दिवशी मिळवा. चालक अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ खाली मालकावरही गुन्हा येतो.

कोरा कागद

मुदतींबद्दल कोणी बोललं नाही. एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. त्या सविस्तर अहवालालाच दावा अर्ज मानता येतं. तरी स्वतःचा अर्ज वेगळा करावा, कारण अहवालात बस राहून गेली तर कोणी आठवण करून देणार नाही. कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण त्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नका.

फिरायला आलेल्यांना सोयीची गोष्ट : अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागत नाही. स्वतः राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो.

गाडी पळून गेली आणि नंबर मिळालाच नाही तर कलम १६१ ची योजना : मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अर्ज त्या भागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार.

अनवाणी

आणि ते 'चूक सिद्ध न करता पैसे' म्हणतात ते?

दावेदार

कलम १६४. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. पण ते स्वीकारलं की कलम १६६ चा अर्ज संपतो. घाईत सही करण्याआधी खर्च आणि कमाईचं नुकसान मोजा. पाय कायमचा अधू होणार असेल तर अडीच लाख हा फार कमी आकडा असू शकतो. अपंगत्वाची टक्केवारी, वय, कमाई, आणि २००९ च्या सरला वर्मा निकालातला वयानुसारचा गुणक (वार्षिक नुकसानीला ज्या आकड्याने गुणतात तो), हे मांडून बघा. ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे.

शंकासुर

स्कूटरवाला घाबरून पळाला असेल तर? गर्दी मारायला उठते हो.

नियमावली

कलम १३४ त्यासाठीच नीट वाचावं. जखमीला उपचार मिळवून देणं चालकावर बंधनकारक आहे, 'जमावाच्या रागामुळे शक्य नसेल तर' ही सवलत त्यातच लिहिली आहे. मात्र मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं. जमावाला भिऊन सरळ ठाण्यात गेलेला आणि भाड्याची स्कूटर परत करून गावी निघून गेलेला, दोघांकडे न्यायालय एकाच नजरेने बघत नाही.

वाटसरू

मग मूळ प्रसंगाचा निकाल कोणी देईल का? टक्के सांगा.

मीटरपट्टी

स्कूटर ६०, बस २५, बाई १५, मूल ०. बाईंना १५ यासाठी की बसच्या कोपऱ्यावर थांबून डोकावता आलं असतं.

दावेदार

फोटोत बस असेल तर साधारण तसंच, बाईंचे १५ कदाचित १० होतील. बस कागदावर नसेल तर तिचे २५ स्कूटर आणि बाईंत वाटले जातील, आणि बाईंचा आकडा २५-३० वर गेला तर मला नवल वाटणार नाही.

शंकासुर

मी बाईंना ४० देणार होतो. २० वर येतो. त्याखाली नाही.

फ्रेमवाला

नवऱ्याचा व्हिडिओ बघितल्याशिवाय मी एकही टक्का देणार नाही. त्यात बाई पळताहेत की चालताहेत हे दिसलं तर मीटरपट्टींचे १.२५ सेकंद पाऊण सेकंदावर येतील आणि वरचे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतील.

तिरकस

व्हिडिओ त्याने स्टेटसला टाकून गॅलरीतून डिलीट केलाय.

फ्रेमवाला

'अलीकडे हटवलेले' या फोल्डरमध्ये पाहायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये तिथे महिनाभर राहतो. सापडला तर परत मिळवून आजच तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.